वाढत्या अंगाची सायकल

मंडळी, सायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न मला महिन्यातून दोन-चार वेळा तरी कुणी ना कुणी विचारतं. कविता कोणती वाचावी, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. याला कारण आहे. हिंगणघाटला माझ्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की दप्तर घरात टाकायचं आणि दुकानात जाऊन बसायचं, असा माझा लहानपणीचा शिरस्ता. पंक्चर काढणं, चाकाचा आऊट काढणं, बेअरिंगच्या छऱ्यांना ग्रीस भरणं ही कामं मी बी.ए. होण्याच्या पुष्कळ आधी शिकलो. पुढे नोकरीसाठी वर्ध्याला आलो आणि गेली तीस वर्षं वर्ध्याहून सेवाग्रामकडे कामावर बहुतेक सायकलनेच जातो. त्यामुळे लोकांचा माझ्या काव्यापेक्षा माझ्या पायडलवर अधिक विश्वास असावा.

विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन गोष्टी असतात. कंपनी कोणती आणि किंमत किती? मी उलट तीन प्रश्न विचारतो. चालवणार कोण? रोज जायचं किती? आणि रस्ता कसला? या तिन्हींची उत्तरं मिळाली की कंपनी आणि किंमत ठरवणं फारसं अवघड राहत नाही. ती मिळाली नाहीत, तर महागातली महाग सायकलही सहा महिन्यांत जिन्याखाली जाते आणि तिच्या हँडलवर ओले टॉवेल वाळू लागतात.

या तीन प्रश्नांतला पहिला सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका तोच आपण विचारत नाही. चप्पल घेताना आपण पाय घालून पाहतो. सदरा घेताना खांद्याला लावून पाहतो. सायकल मात्र रंग बघून घेतो. खरं म्हणजे सायकलीचा सारा इतिहास हा मापाचाच इतिहास आहे. १८७०च्या दशकात युरोपात ज्या सायकली होत्या, त्यांचं पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं आणि मागचं अगदी चिमुकलं असे. पायडल थेट पुढच्या चाकाला. म्हणजे चाक जितकं मोठं तितका वेग जास्त आणि चाक किती मोठं घ्यायचं ते पायाच्या लांबीवर. उंच, धडधाकट तरुणांनी त्यावर चढावं आणि खड्डा आला की डोक्यावर पडावं. म्हातारे, मुलं आणि बहुतेक बायका यांनी ती नुसती पाहावी. १८८५ साली इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, पायडल मध्ये आणि साखळीने फिरणारं मागचं चाक. १८८८ मध्ये डनलप यांनी हवेचा टायर काढला आणि हाडं खिळखिळी करणारं हे वाहन सुखाचं झालं. आज आपण चालवतो ती सायकल मुळात हीच. ती सगळ्यांची झाली, कारण ती खाली उतरून माणसाच्या मापाला आली.

आणि एकदा मापाला आल्यावर तिने काय करामत केली पाहा! १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात एस. एस. विल्सन या अभ्यासकाने हिशेब मांडला होता, की सायकलवरचा माणूस तेवढंच अंतर कापायला चालणाऱ्याच्या जेमतेम एक पंचमांश शक्ती खर्च करतो. पेट्रोल नाही, चारा नाही, लायसन्स नाही. घरातून चालत निघून जो माणूस अर्ध्या तासात अडीच किलोमीटर जातो, तोच सायकलवर आठ किलोमीटर जातो आणि दमतही नाही. गरीब माणसाच्या हाती याहून स्वस्त पंख दुसरे नाहीत. २०११च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती, ती हौस म्हणून नव्हे.

आपल्याकडे हे पंख आले ते काळ्या रंगात. स्वातंत्र्यानंतर मद्रासला, सोनिपतला, लुधियान्याला कारखाने निघाले आणि हर्क्युलस, अ‍ॅटलस, हीरो ही नावं घराघरांत गेली. अठ्ठावीस इंची चाकं, जाड नळ्या, सळ्यांचे ब्रेक, मागे भक्कम कॅरिअर, वजन वीस किलोच्या आसपास. हिंगणघाट म्हणजे कापसाचा बाजार आणि कापडाच्या गिरण्या. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि घंट्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. दूधवाल्यांचे कॅन, पोस्टमनची थैली, कपाशीच्या शेतावरची न्याहारी, सगळं त्याच काळ्या सायकलीवर. ओझं वाहायला ती फार गुणी. हँडल रुंद, बैठक ताठ, चाकांतलं अंतर लांब. त्यामुळे पन्नास किलोचं पोतं लादलं तरी ती डगमगत नाही.

पण ती बनली होती उंच, पुऱ्या वाढीच्या पुरुषासाठी. आम्ही पोरं मग काय करायचो? अब्बांच्या दुकानात भाड्याच्या सायकली होत्या. तासाला पन्नास पैसे. सीटवर बसलं तर पाय पायडलपर्यंत पोचायचे नाहीत. म्हणून दांडीच्या खालून एक पाय पलीकडे घालायचा, डावा हात हँडलवर, उजवा हात दांडीला विळखा घालून, आणि अंग वाकडं करून अर्धं-अर्धं पायडल मारायचं. याला आम्ही कैची म्हणत असू. विदर्भातल्या माझ्या पिढीच्या अर्ध्याअधिक पुरुषांच्या गुडघ्यावर त्या कैचीची खूण सापडेल. आजही लोक मोठ्या कौतुकाने ती गोष्ट सांगतात. मीही सांगतो. पण त्या कौतुकाची एक दुसरी बाजू आहे. कैची म्हणजे सायकल माणसाच्या मापाची नव्हती, म्हणून माणसानेच स्वतःला सायकलीच्या मापात वाकवलं. जो वाकू शकला, पडू शकला, रस्त्यात हसं करून घेऊ शकला, त्याला सायकल आली. बाकीचे राहून गेले.

राहून गेलेल्यांत माझी आपा होती. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, वर्गात पहिली येणारी. सातवीनंतर तिची शाळा सुटली. पुढची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. दुकानात वीस सायकली उभ्या होत्या. पण मुलीला सायकल हा विचारच घरात कुणाच्या मनात आला नाही. कुणी मनाई केली असं नाही. मनाई करावी लागावी इतकं ते कुणाला शक्यच वाटलं नव्हतं. मुलींच्या खाली वाकलेल्या दांडीच्या सायकली तेव्हा बाजारात होत्या, पण आमच्या मोहल्ल्यात त्या दिसत नव्हत्या.

सायकल आणि शाळा यांचा संबंध किती घट्ट असतो, हे पुढे आकड्यांनीही दाखवलं. १९९१-९२ मध्ये तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेतून हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर बायका, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका, अंगणवाडीताई. बिहारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढलेलं दिसलं. शाळा जिथे तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती, तिथल्या गावांत हा फरक अधिक. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले. २०२२ मध्ये ती रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजारांवर नेली.

पण पैसे मिळाले, सायकल आली, म्हणजे काम झालं असं नाही. आमच्याच मोहल्ल्यातली काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आठवीतली मुलगी, बाप हातगाडीवर फळं विकणारा. शाळा चार किलोमीटर लांब. बापाने पै-पै जमवून तिच्यासाठी जुन्या बाजारातून सव्वीस इंची लेडीज सायकल आणली. मुलगी बांध्याने लहान. सीट पार खाली केली तरी तिच्या पायाचे चवडे जेमतेम टेकायचे. पहिल्याच आठवड्यात ती भर बाजारात दोनदा पडली. दुसऱ्यांदा मनगट मुरगळलं. मग घरात कुजबुज सुरू झाली. बाहेरच्यांचे सल्ले सुरू झाले. सायकल मुलींचं काम नाही, आता शाळा पुरे. मी बापाला म्हटलं, ‘मियाँ, मुलीत खोट नाही, सायकल मोठी आहे.’ तो म्हणाला, ‘भाईजान, बच्ची बढेगी ना! दो साल में बराबर आ जाएगी.’

त्याचं चुकलं असं कसं म्हणू? आपण सगळे पोरांचे कपडे वाढत्या अंगाचेच घेतो. बाह्या दुमडता येतात, विजारीला टीप घालता येते. पण सायकलीला टीप घालता येत नाही. ढगळ सदऱ्यात पोरगं नुसतं बावळट दिसतं. ढगळ सायकलीवरून ते ट्रकसमोर पडू शकतं. थांबताना पाय टेकत नाही, ब्रेकच्या कांड्या बोटांत मावत नाहीत, हँडल लांब पडतं म्हणून वळताना तोल जातो. त्या बापाला घेऊन मी जुन्या बाजारात गेलो. चारशे रुपये वर देऊन चोवीस इंची सायकल बदलून घेतली. मुलगी पुन्हा पडली नाही, आणि शाळेचा विषयही पुन्हा निघाला नाही. आता ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन इंचांचा फरक होता, मंडळी!

म्हणून माप कसं घ्यायचं ते नीट सांगतो. लहान मुलांच्या सायकली चाकाच्या इंचांवर विकल्या जातात. बारा, चौदा, सोळा, वीस, चोवीस. दुकानदार वय विचारतो, आपण उंची सांगावी. उंची साधारण सव्वाचार फूट झाली की वीस इंची सोडून चोवीस इंची घ्यावी, पाच फुटांच्या पुढे सव्वीस. हा ढोबळ अंदाज झाला. खरी परीक्षा मुलाला दुकानात नेऊनच होते. नव्याने शिकणाऱ्याचे सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. त्याला भीती वाटता कामा नये, कारण तोल शिकायच्या आधी भीती गेली पाहिजे.

मोठ्यांसाठी दोन मापं पुरेशी. एक, सीटच्या पुढे, दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं. दांडी आणि शरीर यांच्यामध्ये किमान तीन बोटं जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर ती फ्रेम आपली नाही. दुसरं, सीटची उंची. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल सगळ्यांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना आपण टाचेऐवजी चवडा ठेवतो, तेव्हा गुडघ्यात हलकासा बाक राहतो. हीच बरोबर उंची. आपल्याकडे शंभरातले बरेच लोक सीट फार खाली ठेवतात. पाय टेकतात म्हणून बरं वाटतं. पण रोज दहा-पंधरा किलोमीटर गुडघे छातीकडे दुमडत राहिले की महिनाभरात ते बोलू लागतात. मग दोष सायकलीला. पान्याचे चार आटे फिरवले असते तर दवाखाना वाचला असता.

आता दुसरा आणि तिसरा प्रश्न. जायचं किती आणि रस्ता कसला? रोज पाच-सात किलोमीटर, सपाट डांबरी रस्ता, मागे डबा किंवा भाजी, एवढंच असेल तर साधी सायकल उत्तम. तिला मडगार्ड असतं, कॅरिअर असतं, साखळीवर झाकण असतं. त्यामुळे पँट, सलवार, ओढणी साखळीत अडकत नाही. बाजारात हल्ली जाड टायरच्या, पुढे-मागे स्प्रिंग लावलेल्या सायकलींची चलती आहे. पोरांना त्या फार आवडतात, मोटारसायकलसारख्या दिसतात म्हणून. पण स्वस्तातली स्प्रिंग म्हणजे नुसतं ओझं. आपण पायडलवर जोर देतो, त्यातला काही स्प्रिंग दाबण्यातच जातो. डोंगरदऱ्यांतून उड्या मारायच्या नसतील, तर तिची गरज नाही. रोज दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्याने मधल्या जातीची, म्हणजे हायब्रीड म्हणतात ती पाहावी. टायर ना जाड ना बारीक, हँडल सरळ, वजन तेरा-चौदा किलो. बारीक टायरची, वाकड्या हँडलची शर्यतीची सायकल गुळगुळीत रस्त्यावर वाऱ्यासारखी जाते; पण आपल्या गावरस्त्याचा एक खड्डा तिला भारी पडतो.

गिअरबद्दल फार गैरसमज आहेत. गिअर जास्त म्हणजे वेग जास्त, असं नाही. साधा हिशेब बघा. समजा पुढच्या चक्रीला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ आहेत. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं आणि अठ्ठावीस इंची सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाटीवर हे छान. चढ आला, की हाच फेरा जड होतो. तेव्हा पुढे २८ आणि मागेही २८ दात्यांवर साखळी आणता आली, तर एका फेऱ्यात दोन-सव्वादोन मीटरच जाऊ. पण पाय हलके राहतील. घोडागाडीवाला चढावर घोड्याची चाल बदलतो, तसंच हे. मोटेच्या चढाचं काम असेल तर गिअर घ्या. वर्धा, देवळी, हिंगणघाट या सपाटीच्या पट्ट्यात एक गिअरही पुरतो, सात मिळाले तर चैन. एकवीस गिअरपैकी लोक तीन वापरतात आणि अठरांची दुरुस्ती करतात.

आपल्या जिल्ह्याचे आणखी तीन परीक्षक आहेत. पहिली आपली काळी माती. पावसाळ्यात पांदणीत शिरलात की ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी ठासून बसते की चाक फिरायचं नाव घेत नाही. मग आधी आपण सायकलवर असतो, नंतर सायकल आपल्या खांद्यावर. शेतावर जाणाऱ्याने मडगार्ड आणि टायरमध्ये चांगली फट असलेली सायकल घ्यावी आणि कॅरिअरला माती कोरायला एक काडी अडकवून ठेवावी. दुसरे परीक्षक बाभळीचे काटे आणि सराटे. टायर गुळगुळीत झाला की तो बदलावा, ट्यूबला दहा ठिगळं लावत बसू नये. पंक्चर काढून नवी हवा भरण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधावा. तो राहिला तर गल्लीच्या टोकाला दुसरं पंक्चर ठरलेलं. आणि तिसरं आपलं ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. जुन्या टायरात ठासून हवा भरून सायकल दुपारी उन्हात उभी केली, तर ट्यूब फुटू शकते. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं; ते वाचावं.

निगा फार नाही. साखळी फडक्याने पुसावी आणि प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडावा. मोटारीचं जळकं ऑइल ओतू नये, त्यावर धूळ बसून त्याची सहाण होते आणि दाते झिजतात. चाक डुलत असेल तर कारागिराकडे न्यावं. आऊट काढणं हे कसबाचं काम. एक तार जरा जास्त ताणली की चाक दुसऱ्या अंगाला पळतं. गझलेच्या ओळीत एक मात्रा वाढावी आणि सगळं वृत्त लंगडावं, तसं ते असतं. अब्बा कान लावून तारांचा आवाज ऐकत. सगळ्या तारा एका सुरात वाजल्या की चाक सरळ झालं, असं ते म्हणत. असे कारागीर आता कमी होत चालले आहेत. तुमच्या गल्लीत एखादा असेल, तर त्याला काम देत राहा.

तब्येतीचं विचाराल, तर हिशेब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते, की मोठ्या माणसाने आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. वर्धा ते सेवाग्राम आठेक किलोमीटर. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. आठवड्याचे पाच दिवस धरले तर तीनशे मिनिटं झाली आणि व्यायामासाठी वेगळा वेळ काढला नाही. जोर किती लावायचा? सोबत्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. धावण्यात गुडघ्यांवर जो मार बसतो तो सायकलीत बसत नाही, कारण अंगाचा भार सीटवर असतो. मात्र त्याच कारणाने हाडांना मजबुती देण्याचं काम सायकल फारसं करत नाही. त्यासाठी चालणं, ओझं उचलणं हवंच. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात खडीसाखर ठेवावी. २०१८ आणि २०१९ मध्ये रमजान मे महिन्यात आला होता, तेव्हा रोजे असताना मी कामावर बसने गेलो. शरीराशी हट्ट करू नये. सायकल वाट पाहते.

आणि मौज? मौजेला निमित्त लागत नाही. कॉलेजात असताना आम्ही पाच-सहा मित्र हिंगणघाटहून गिरडला जायचो, एका बाजूने चाळीसेक किलोमीटर. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. तिथे हिंदू-मुसलमान सारखेच येतात. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी त्यांची कथा. पाय दुखत असले की ती कथा ऐकायला विशेष गोड लागते. आता माझी झेप लहान झाली. रविवारी पहाटे वर्ध्याहून पवनार, धाम नदीच्या काठावर थोडं बसायचं, मग सेवाग्रामवरून घरी. वीस-पंचवीस किलोमीटर होतात. याहून मोठी झेप घ्यायची असेल, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांच्याकडे पाहा. २०१७ साली त्यांनी अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, जवळपास ४,८०० किलोमीटर, एकट्याने बारा दिवसांच्या आत सायकलवर ओलांडली.

रस्ते मात्र आपल्यासाठी रुंद होत नाहीत, हे खरं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झालेला समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. त्यावर सायकलला मज्जाव आहे. तिथल्या वेगात तो योग्यच. पण शाळेच्या वाटेवर, बाजाराच्या रस्त्यावर सायकलीसाठी दोन हात पक्की कड ठेवायला फार पैसे लागत नाहीत. ग्रामसभेत, नगरपालिकेत हे मागितलं पाहिजे. तोवर आपली काळजी आपण घ्यावी. मागे लाल दिवा किंवा चकाकती पट्टी, पुढे पांढरा दिवा, डोक्याला हेल्मेट. दोन्ही ब्रेक एकदम, हळू दाबायचे. पावसात रिम ओली असते, तेव्हा थांबायला अंतर जास्त लागतं.

जूनअखेर आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात. वह्या, दप्तरं, गणवेश यांच्या सोबत अनेक घरांत सायकलही येईल, कुठे योजनेच्या पैशातून, कुठे बापाच्या घामातून. एवढंच करा. सायकल घरी आणण्याआधी मुलीला दुकानात न्या. तिला सीटवर बसवा, पाय टेकतो का पाहा, ब्रेकची कांडी तिच्या बोटांत मावते का पाहा. योजनेची सायकल मोठी पडत असेल, तर लाजू नका. सीट खाली करून घ्या, नाहीच जमलं तर बदलून घ्या. सदरा वाढत्या अंगाचा घ्या, हरकत नाही. सायकल आजच्या अंगाची घ्या. वाढायचं काम ती मुलगी शाळेत जाऊन करील.